दिवसातून दोनदा किनारा

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. चेसापीकच्या धक्क्यावर विकायला असलेली ती तीस फुटी जुनी शिडाची बोट तुम्ही दोघं बघून आलात. येत्या फॉलमध्ये कामातून काही महिने मोकळं व्हायचं आणि नॉरफोकहून फ्लोरिडापर्यंत आतल्या पाण्याने जायचं, असा बेत आहे. इंजिन, विमा, खर्च यांबद्दल तू पानभर विचारलंस आणि तुमच्या कुत्र्याबद्दल, चिकूबद्दल, एकच ओळ लिहिलीस : त्याला मैत्रिणीकडे ठेवून जावं का? बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकांत मिळतील. या ओळीचं उत्तर मला द्यायचं आहे, म्हणून आधी तेच.

त्याला बरोबर घ्या. त्याच्यामुळे प्रवास अवघड होईल हे खरं. पण तो नसेल तर तुम्ही या पाण्यावरून नुसते निघून जाल. आम्ही आमची कुत्री राणी हिला घेऊन गेलो होतो. वाटेवरचं जे काही माझ्या मनात आज टिकून आहे, त्यातलं बरंचसं तिला फिरवायला किनाऱ्याला लागलो म्हणून दिसलं.

वाट कशी आहे ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी खाड्या, नद्या, उथळ उपसागर आणि खोदलेले कालवे यांची ही साखळी. नॉरफोकला तिचा शून्य मैल. मायामी साधारण १,०९० मैलांवर, म्हणजे सुमारे १,७५० किलोमीटर. हे मैल जमिनीवरचे आहेत, समुद्री नाहीत. तुमच्या बोटीचं यंत्र समुद्री मैल दाखवेल, तेव्हा हिशेब करताना गोंधळू नका. असा आतला जलमार्ग असावा, ही कल्पना अर्थखात्याचे सचिव अल्बर्ट गॅलटिन यांनी १८०८च्या अहवालात मांडली होती. बाहेरून जाण्यातला धोका तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसच्या वाळूच्या दांड्यांवर इतकी गलबतं फुटली आहेत की त्या पाण्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात. पुढे १९४२ साली जर्मन पाणबुड्या याच किनाऱ्यासमोर मालवाहू जहाजं बुडवत होत्या, तेव्हा आतल्या वाटेचं मोल नव्याने कळलं. आता ती लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे. कागदावर नॉरफोकपासून फोर्ट पियर्सपर्यंत बारा फूट खोली आहे. प्रत्यक्षात गाळ साचत राहतो, आणि भरतीच्या वेळापत्रकाशिवाय काही ठिकाणी जाऊच नये.

तू लिहिलंस की समुद्र म्हटला की तुला दिलीप दोंदे आठवतात. आठवणारच. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मलाही त्यांचा फार अभिमान आहे. पण त्या धैर्याच्या मापाने तुमचा प्रवास मोजू नकोस. तिथे आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही. इथे जमीन दोन्ही बाजूंना असते आणि रोज संध्याकाळी नांगर पडतो. ताशी पाच-सहा समुद्री मैल, दिवसाला फार तर पन्नास मैल. बराच वेळ इंजिनच चालवावं लागतं, कारण वाट अरुंद आणि वाकणांची. शीड उघडायचं ते रुंद पाण्यात, नाहीतर वारा मागून असेल तेव्हा पुढचं एकच. हेन्री प्लमर नावाचे एक गृहस्थ १९१२च्या फॉलमध्ये मॅसॅच्युसेट्सहून आपल्या मुलाला आणि एका मांजराला घेऊन लहानशा शिडाच्या बोटीने फ्लोरिडाकडे निघाले होते. आजच्यासारखी सलग वाट तेव्हा नव्हतीही. त्याचं त्यांनी लिहिलेलं पुस्तक मिळवून वाच. घरचा प्राणी बोटीवर नेणारे तुम्ही पहिले नाही, हे त्यातून छान कळतं.

आता चिकूचं.

कुत्रा घरात शिकलेला असतो की राहत्या जागी घाण करायची नाही. बोट ही त्याच्या लेखी राहती जागा. त्यामुळे तो लघवी धरून ठेवतो, तासन् तास, कधी दिवसभर. तुमचा जीव खाली-वर होतो आणि तो शहाण्यासारखा बघत बसतो. यावर उपाय निघण्याआधीच करायचा. कृत्रिम गवताचा एक तुकडा आण, तो घरामागच्या त्याच्या ठरलेल्या जागी महिनाभर अंथरून ठेव, त्याला तिथेच जायची सवय लाव आणि एक ठरावीक शब्द वापर. मग तोच तुकडा, न धुता, बोटीच्या पुढच्या डेकवर ठेव. कोपऱ्याला दोरी बांध, म्हणजे समुद्रात बुचकळून वर ओढता येईल. राणी हे शिकली, पण नाइलाज असेल तेव्हाच. पाऊस असो, धुकं असो, तिला सकाळ-संध्याकाळ जमीन हवी असायची. तुमचाही दिवस असाच बांधला जाणार. नांगर टाकायची जागा निवडताना आधी बघायचं, लहान होडी लावून कुत्र्याला उतरवता येईल असं काही जवळ आहे का.

लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घे. ती मूठ धरून पाण्यातून उचलता यावं म्हणून असते. घेतल्याबरोबर शांत पाण्यात एकदा उचलून बघ, तुझ्या एकटीच्या हाताला त्याचं वजन झेपतं का ते. नसेल झेपत तर कप्पीची सोय कर. कठड्याच्या दोरांना जाळी लाव. डेकवर बांधायचं तर मधोमध आणि एवढ्याच लांबीने की तो कडेवरून खाली लोंबकळू शकणार नाही. केबिनची शिडी उभी असते. चार पायांना ती चढता येते, उतरता येत नाही.

खारं पाणी त्याला पिऊ देऊ नकोस. उन्हात खेळला की तो पिणारच. मग उलट्या होतात, फार प्यायला तर झटके येतात. गोडं पाणी प्रत्येक वेळी होडीत बरोबर ठेवायचं. किनाऱ्यावर कालवांच्या शिंपा असतात. तुझ्या आईच्या नि माझ्या पायांना त्यांची धार लहानपणापासून माहीत आहे. कुत्र्याचा तळवा त्यावर क्षणात चिरतो आणि बोटीवर ती जखम कोरडी राहत नाही. पायमोजे तो घालून घेणार नाही, म्हणून उतरण्याची जागाच बघून निवडायची : वाळू, उतरता सिमेंटचा रॅम्प, लाकडी धक्का. नॉर्थ कॅरोलायनापासून खाली मगरीच्या जातीचे ॲलिगेटर आहेत. गोड्या किंवा मचूळ पाण्यात, विशेषतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, त्याला काठाला खेळू देऊ नकोस, पोहायला तर नाहीच. दक्षिण फ्लोरिडात केन टोड नावाचे मोठे बेडूक आहेत. त्यांच्या अंगावरचं विष कुत्र्याच्या तोंडात गेलं तर हिरड्या लाल होतात, फेस येतो. तोंड बाहेरच्या दिशेने पाण्याने धुवायचं, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही, आणि थेट डॉक्टर गाठायचा. हे सगळं वाचून घाबरू नकोस. माहीत असलं की हात आपोआप चालतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकात सापडणार नाही. तीस फुटांच्या बोटीत दोन माणसांना एकमेकांपासून दूर जायला जागा नसते. घरात रुसलं तर दुसऱ्या खोलीत जाता येतं. इथे दुसरी खोली म्हणजे जिथे झोपायचं तीच. कुत्र्याला किनाऱ्यावर नेणारा माणूस तासभर एकटा असतो आणि मागे राहिलेलाही तासभर एकटा असतो. त्या तासाने आमची किती भांडणं निवली, हे मी आणि तुझे काका दोघंही मान्य करू. पाळी लावून घ्या. एकच जण नेहमी जातो असं होऊ देऊ नका.

पाळीवरून आठवलं. बहुतेक बोटींवर नवरा सुकाणूवर आणि बायको पुढे नांगर किंवा दोर घेऊन उभी, असं दिसतं. मला ते कधीच पटलं नाही. सुकाणू धरायला ताकद लागत नाही, सराव लागतो. नांगर ओढायला आणि धक्क्याला दोर आवळायला ताकद लागते. तुझ्यापेक्षा तुझा नवरा अंगापिंडाने दणकट आहे, तर त्याने पुढे जावं आणि तू बोट चालवावीस. पण दोन्ही कामं दोघांना यायला हवीत. तो पाण्यात पडला तर बोट वळवून त्याच्याकडे आणणारी तूच असणार. इंजिन सुरू करणं, रेडिओवर बोलणं, नांगर टाकणं हे तुला एकटीला येत नाही तोवर नॉरफोक सोडू नकोस. आणि ओरडायचं नाही. वाऱ्यात शब्द पोचत नाहीत, फक्त रागाचा सूर पोचतो. हाताच्या खुणा ठरवून घ्या.

नॉरफोकहून निघताना विमानवाहू जहाजांच्या बाजूने जाल. नौदलाच्या जहाजापासून निदान शंभर यार्ड लांब राहायचं, पाचशे यार्डांच्या आत वेग कमी करायचा. तिथून थोडं पुढे वाट दुभंगते. सरळ वाट १८५९चा अल्बेमार्ल-चेसापीक कालवा, ग्रेट ब्रिजचा एकच लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलायची दारं, असलेला. बहुतेक लोक तिनेच जातात. दुसरी डिस्मल स्वॉम्प कालव्याची. ती उथळ आहे, दोन लॉक आहेत, आणि दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद असते, तेव्हा अभियंता दलाकडे चौकशी करूनच जा. पण उघडी असेल तर तिनेच जा, हा माझा आग्रह समज.

सायप्रस आणि ज्युनिपरची झाडं, त्यांच्यातून काढलेली सरळ रेषा, आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. झाडांच्या साली-पानांतला टॅनिन उतरून ते तसं होतं. १७९३मध्ये हा कालवा खोदायला सुरुवात झाली, १८०५मध्ये वाहतूक सुरू झाली. खोदला तो मालकांनी भाड्याने दिलेल्या गुलामांनी. काठाने एक जुना रस्ता आता पायवाट म्हणून राखला आहे, त्यावर कुत्री चालतात. राणीला तिथे हवं तेवढं हुंगायला मिळालं आणि आम्हाला तिच्या चालीने चालावं लागलं. चालताना काकांनी मला मोझेस ग्रँडींबद्दल सांगितलं. ग्रँडी याच भागात गुलाम म्हणून जन्मले आणि याच कालव्यात मालाच्या बोटी चालवायचे. मिळणाऱ्या पैशातून मालकाचा वाटा देऊन उरलेलं साठवायचं आणि स्वतःला विकत घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पैसे भरले, मालकाने ते घेतले आणि त्यांना दुसऱ्याला विकलं. पुन्हा साठवले, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा भरले तेव्हा कुठे सुटका झाली. पुढे त्यांनी सांगितलेली ही हकिगत १८४३मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. कंबरभर आणि त्याहून खोल चिखलात उभं राहून मुळं तोडणारी, गाळ उपसणारी माणसं तिच्यात आहेत. याच दलदलीच्या आतल्या उंचवट्यांवर पळून गेलेले गुलाम पिढ्यान् पिढ्या लपून राहिले. बोटीवरून हा कालवा अर्ध्या-पाऊण दिवसात संपतो. आजूबाजूला झाडं सुंदर आहेत, एवढंच लक्षात राहतं. पायी चाललीस तर कळतं की प्रत्येक वाव माणसाच्या हाताने खणलेला आहे.

कालवा संपला की पास्कोटँक नदीवर एलिझाबेथ सिटी. गावाने पाहुण्या बोटींसाठी फुकट धक्का ठेवला आहे. १९८३मध्ये तिथल्या दोन म्हाताऱ्या मित्रांनी येणाऱ्या प्रत्येक बोटीवरच्या बाईला गुलाब द्यायला सुरुवात केली आणि गावाने ती रीत उचलली. तिथे वाऱ्याची वाट बघत थांबावं लागलं तरी कुरकुर करू नकोस. पुढचा अल्बेमार्ल साउंड रुंद आणि उथळ आहे. अशा पाण्यात वारा चढला की लाटा उंच होण्याआधी उभ्या आणि जवळजवळ होतात. मोठ्या माणसाला त्यात नुसता त्रास होतो. कुत्र्याला पाय रोवायला काही सापडत नाही आणि तो भेदरतो. एकदा भेदरला की पुढे आठवडाभर इंजिनचा आवाज आला तरी थरथरतो. त्याच्यासाठी म्हणून थांबलेला दिवस तुमच्याही बोटीला मानवतो.

तसंच पुढे मरीन दलाचा कँप लजून लागतो. तिथे गोळीबाराचा सराव चालू असला की वाट काही वेळ बंद ठेवतात. तोफांचा आवाज लांबवर येतो. चिकू फटाक्यांना घाबरत असेल तर त्या दिवशी त्याला खाली केबिनमध्ये, अंगाला अंग लावून बसवा.

खुणांचं थोडं सांगते, कारण चूक करायला सोपी जागा ती आहे. दक्षिणेकडे जाताना लाल त्रिकोण उजवीकडे ठेवायचे, हिरवे चौकोन डावीकडे. लालांवर सम आकडे, हिरव्यांवर विषम. जिथे समुद्राचं मुख येऊन मिळतं किंवा दुसरी नदी वाटेला छेद देते, तिथे रंग उलटसुलट होतात. अशा वेळी पाटीवरची छोटी पिवळी खूण बघायची : पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, खालचा रंग कोणताही असो. नकाशावर एक जांभळट गुलाबी रेष दिसेल. सरकारी नकाशाखात्याने २०१३मध्ये ती काढायला घेतली होती, लोकांनी फार आग्रह धरल्यामुळे ठेवली. पण रेषेवर डोळे मिटून जाऊ नकोस. वाळू सरकते, रेष सरकत नाही. त्या पाट्यांच्या खांबांवर मासेखाऊ घारींची, ऑस्प्रेंची, काटक्यांची घरटी असतात. कधी आकडाच झाकून जातो.

साउथ कॅरोलायनात शिरलं की वॅकमॉ नदी लागते. सगळ्या वाटेवर मला सर्वांत आवडलेला टप्पा हा. पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं, लोंबणारं स्पॅनिश मॉस, आणि जॉर्जटाउनच्या बाजूला सरकत गेलं की काठाला विचित्र सरळ रेषेतले, गवताने झाकलेले बांध. राणीला घेऊन एका जागी उतरलो. बांधात एक जुनी लाकडी उघाडी दिसली. मी तिथेच उभी राहिले. तुला आजोळची खार जमीन आठवते ना? खाडीचं खारं पाणी अडवायला बांध, बांधात उघाडी, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार पाण्याच्याच दाबाने बंद. गोव्यात अशा उघाडीला मानस म्हणतात. इथल्या माणसांनीही भरती-ओहोटी तशीच कामाला लावली होती. फरक इतकाच की भरतीच्या वेळी वर चढणारं गोडं पाणी ते शेतात आत घेत. भातच पिकवत होते. सतराव्या शतकाच्या शेवटापासून यादवी युद्धापर्यंत इथली श्रीमंती या तांदळावर उभी होती. बांध घालणारी, भात लावणारी, उघाडी राखणारी माणसं पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेली होती. त्यांतले कितीतरी जण भात पिकवणाऱ्या मुलखातले होते आणि खाचर कसं करायचं हे त्यांना आधीपासून येत होतं. त्यांची विद्या वापरली आणि त्यांना मोबदला दिला नाही. आपल्या गावी खार राखणारी माणसं गरीब होती, कष्टाची होती, पण बांध त्यांचा होता. मी त्या बांधावर उभी राहून हा फरक पहिल्यांदा पोटातून समजले. इथल्या गावांतून त्या धरून आणलेल्या माणसांच्या वंशजांची, गल्ला-गीची लोकांची, बोली आणि जेवण अजून जिवंत आहे. २००६मध्ये अमेरिकी संसदेने नॉर्थ कॅरोलायना ते फ्लोरिडा हा पट्टा त्यांचा वारसा म्हणून नोंदवला. त्यांच्याकडचा लाल भात खा. तुला घरचं जेवल्यासारखं वाटेल.

त्याच राज्यात पुढे ब्यूफर्टला थांबशील तेव्हा रॉबर्ट स्मॉल्स यांच्या थडग्यापर्यंत चालत जा. धक्क्यापासून लांब नाही, चिकूलाही झेपेल. १८३९मध्ये ते याच गावात गुलाम म्हणून जन्मले. युद्धाच्या काळात चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी आगबोटीचं सुकाणू त्यांच्या हाती असायचं. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले होते. स्मॉल्सनी कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, दुसऱ्या धक्क्यावरून आपल्या बायकामुलांना घेतलं आणि एकेका किल्ल्यासमोरून ठरलेल्या शिट्ट्या वाजवत बोट बाहेर काढली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर उभारली आणि बोट उत्तरेच्या नौदलाच्या हाती दिली. पुढे ते संसदेत निवडून गेले. ज्या मालकाच्या घरामागच्या खोलीत जन्मले, ते घर त्यांनी विकत घेतलं. या पाण्यावर बोट चालवणाऱ्या कुणाही माणसाने ज्यांच्यापुढे मान लववावी, असा हा दर्यावर्दी. सुकाणू धरायला शिकशील तेव्हा त्यांची आठवण ठेव.

जॉर्जियात लोक बाहेरून जातात, कारण आतली वाट फार वळणांची आणि काही ठिकाणी ओहोटीला जेमतेम पाण्याची. मी म्हणेन आतूनच जा, पण भरती पकडून. इथे सात ते नऊ फूट पाणी चढतं-उतरतं. नांगराचा हिशेब त्याप्रमाणे करायचा. ओहोटीला दहा फूट पाणी बघून नांगर टाकलास तर भरतीला ते अठरा होतं, त्यात बोटीच्या पुढच्या टोकाची उंची चार फूट, म्हणजे बावीस. त्याच्या पाचपट साखळी-दोर सोडायचा, एकशे दहा फूट. वारा वाढणार असेल तर सातपट, एकशे चोपन्न. शिवाय प्रवाह दर सहा तासांनी उलटतो आणि बोट नांगराभोवती तोंड फिरवते, तेवढी मोकळी जागा हवी. कुत्र्याला उतरवणं मात्र या राज्यात अवघड. चहूकडे खारं गवत आणि ओहोटीला मांडीभर चिखल. भरतीचं कोष्टक बघून, पाणी वर असताना त्याला न्यायचं. कंबरलंड बेटावर चांगला धक्का आहे. १९७२पासून ते राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखलेलं आहे, ओकच्या झाडांखाली मऊ वाट आहे आणि मोकळे घोडे चरत असतात. पट्टा हातात घट्ट धर. राणीने आयुष्यात पहिल्यांदा घोडा तिथे बघितला आणि माझ्या पायांमागे जाऊन उभी राहिली.

या चिखलात बोट रुतेल, हेही धरून चाल. सगळ्यांची रुतते. चढती भरती असेल तर चहा कर आणि थांब. उतरती असेल तर मात्र ताबडतोब नांगर होडीने खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकायचा आणि त्यावर ओढून निघायचं. ओढून काढणाऱ्या सेवेचं वार्षिक सभासदत्व आधीच घेऊन ठेव.

फ्लोरिडाबद्दल माझं मत पूर्वग्रहदूषित आहे असं काका म्हणतात. सेंट ऑगस्टीन आवडलं. १५६५मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव, कुत्र्यांना सगळीकडे मज्जाव नाही. हॉलोव्हर कालव्यात मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, पाठ वर काढतात. जिथे हळू जाण्याच्या पाट्या आहेत तिथे खरोखर हळू जा, पंख्याने त्यांच्या पाठी फाटतात. पण पाम बीचच्या खाली दोन्ही काठांना भिंती आणि बंगले. कुत्र्याला उतरवायला जागाच नाही. पूल ठरावीक वेळी उघडणारे, प्रवाहात वाट बघत बोट धरून ठेवावी लागते. रेडिओवर पूलवाल्यांशी बोलायचं चॅनेल व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात तेरा, त्याच्या खालच्या राज्यांत नऊ. मायामी गाठलीच पाहिजे असं काही नाही. स्टुअर्टला थांबलात तरी प्रवास पुरा झाला असं मी समजेन.

निघायचं कधी? वादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. तो सरत येईपर्यंत बोट ठरावीक रेषेच्या दक्षिणेला नेऊ नये अशी अट बहुतेक विमावाले घालतात, तुमच्या कागदात ती कोणती आहे ते वाच. ऑक्टोबरमध्ये नॉरफोकच्या आसपास सगळ्या बोटी जमतात, तेव्हा आमच्याकडेच येऊन राहा. चिकूच्या रेबीजच्या लशीचा दाखला, मायक्रोचिपचा नंबर आणि वाटेवरच्या गावांतल्या जनावरांच्या डॉक्टरांची यादी एका पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेव. बहामाला जायचा मोह झाला तर त्याच्यासाठी वेगळा परवाना आधी काढावा लागतो.

आणि बोटीचे पैसे देण्याआधी एक रात्र तिघांनी तिच्यावर धक्क्यालाच झोपून बघा. सर्व्हेअरचा अहवाल आला की मला पाठव. मी पहिल्यांदा डोलकाठीची उंची बघणार आहे, वरच्या अँटेनासकट. वाटेवरचे बहुतेक पक्के पूल पासष्ट फुटांचे आहेत, नॉर्थ कॅरोलायनातला विल्कर्सन पूल चौसष्टच भरतो, आणि मायामीचा ज्युलिया टटल छप्पन्न. तीस फुटी बोटीला सहसा अडचण येत नाही, तरी मोजलेला आकडा हवा, विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला नको.

तुझ्या नवऱ्याला आशीर्वाद. चिकूला माझ्याकडून एक बिस्कीट.

तुझी,
मावशी